आप्पा कामठे, गैरहजर

आप्पा कामठ्यांच्या दिवाणखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर दिसतात त्या त्यांच्या दहावी नापासाच्या गुणपत्रिका. सोनेरी चौकटीत, काचेखाली, एका ओळीत. घरात पुढाऱ्यांबरोबरचे फोटो आहेत, सत्कारात मिळालेली तलवार आहे, बैलगाडा शर्यतीच्या ढाली आहेत. ते सगळं जिन्याखाली. दर्शनी भिंत गुणपत्रिकांची. मराठीत बरे गुण, इतिहासात बरे, आणि गणितापुढे दर वेळी पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेच्या तापमानासारखा आकडा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या वाचतच उभी राहिले. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईने दुसरं काय करावं? आप्पा मागे येऊन उभे राहिले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, गळ्यात जाड साखळी.

"लई मेहनत हाय बाई त्याच्यामागं," ते म्हणाले. "पास व्हणारा एकदाच बसतो. आमी किती येळा बसलो बगा."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आम्हा पेठेतल्या लोकांना हे क्वचितच होतं.

मी गेले होते हॉल मागायला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेच्या उन्हाळी वर्गात शिकवायला लागले होते. वस्तीतली, दहावीच्या गणितात अडकलेली मुलंमुली. त्यांना सुट्टीत संस्था काम मिळवून देई. कुणी रोपवाटिकेत, कुणी बेकरीत, कुणी गॅरेजमध्ये, कुणी भाजी पॅक करणाऱ्या गोडाऊनमध्ये. अट एकच, कामावर जाण्याआधी सकाळी वर्गात बसायचं आणि जुलैच्या फेरपरीक्षेची तयारी करायची. नुसता वर्ग ठेवला असता तर कुणी आलं नसतं आणि नुसतं काम दिलं असतं तर सगळी जन्मभर तिथेच राहिली असती, असा संस्थेचा हिशोब. तो कागदावर फार छान दिसे. जागा मात्र कुणी देत नव्हतं. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, नुकत्याच पालिकेत आलेल्या गावात आप्पांचं मंगल कार्यालय होतं. ते त्यांनी चहा यायच्या आत देऊन टाकलं.

"फुकट," आप्पा म्हणाले. "पर एक अट हाय. मागच्या रांगेत मी बी बसनार."

म्हणजे आमचा वर्ग मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये भरू लागला. दिवस लग्नसराईचे. फळ्याला जागा नाही म्हणून तो स्टेजवर, नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांना टेकवून ठेवलेला. बीजगणित चालू असताना आचारी कढई सरकवत, आणि कार्य असलं की आमची रवानगी वधूपक्षाच्या खोलीत होई. तिथे एकदा नवरीच्या मावशीने मला ब्यूटी पार्लरची बाई समजून "लवकर आवरा" म्हणून झापलं. आप्पा मागच्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसत. कंपासपेटी नवी कोरी. मुलांना ते अहोजाहो करत. "अहो गॅरेजवाले, जरा सरका. फळा दिसंना."

गणिताशी त्यांचं वागणं भावकीतल्या माणसाशी असतं तसं होतं. राग, संशय आणि सोडवत नाही असा जिव्हाळा. क्ष ला ते पाव्हणा म्हणत. "पाव्हणं कोन हायत, कुठलं हायत, ते नंतर. आधी त्येंना एका बाजूला एकटं बसवा. बाकीच्यांना पलीकडं घालवा. मंग आपसूक नाव सांगत्यात." मी बत्तीस वर्षं समीकरणं शिकवली, इतकं थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं, हे कबूल करते. पण ऋण संख्या आल्या की आप्पा रुसत. "जे न्हायच, त्याच्यातनं आनखी काडायचं कसं वो बाई?" मी संख्यारेषा काढून दाखवी. ते शून्याच्या डावीकडे संशयाने बघत बसत.

आणि त्यांना शिकवायची हौस. एकदा मला बस मिळायला उशीर झाला, तोवर आप्पांनी दशांश अपूर्णांक घेतले. मी आले तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं: १.२० + १.२० = ३. पूर्ण वर्गाने ते उतरवून घेतलं होतं.

"आप्पा, हे काय आहे?"

"येक एकर ईस गुंठं, आन येक एकर ईस गुंठं. तीन एकर झालं का न्हाय?"

"एकराचे चाळीस गुंठे, म्हणून. दशांशात शंभर असतात."

"आमच्या गावात चाळीसच असत्यात," आप्पा म्हणाले, आणि वर्गाला तेच पटलं. तो अपूर्णांक मुलांच्या डोक्यातून काढता काढता माझा आठवडा गेला.

तरीही मी त्यांना मधून मधून फळ्याकडे जाऊ देत असे. त्याचं कारण काजल.

काजल सतरा वर्षांची. आई धुण्याभांड्याला जाणारी, वडील नाहीत. सकाळी वर्ग, मग संध्याकाळपर्यंत भाजीच्या गोडाऊनमध्ये. मोबाइलवरून ऑर्डर येतात आणि तासाभरात घरपोच भाजी जाते, त्यातलं ते एक गोडाऊन. तिथे ती जुड्या निवडून पिशव्यांत भरायची. वर्गात एक शब्द बोलत नसे. विचारलं की मान खाली. गणिताची वही मात्र सुंदर, कारण ती फळ्यावरचं उत्तरासकट उतरवून घेई. मला वाटलं, हिला यातलं काही कळायचं नाही. तसं मी संस्थेत बोललेही.

आप्पा एक दिवस तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचं एकच औषध होतं, कुणी अडलं की ते म्हणत, "कुठं चुकलं ते नगा सांगू. कुठवर बराबर व्हतं ते सांगा." मग त्या माणसाला धरून मागे मागे नेत. आज नाही जमत, ठीक, नववीत जमत होतं का? नाही? सातवीत? बहुतेक मुलं पाचवी-सहावीत थांबत. काजल तिसरीपर्यंत गेली. वजाबाकी, हातचा न घेता, तिला येत होती. हातचा आला की ती मोठ्या आकड्यातून लहान वजा करून टाके, मग तो वर असो की खाली. त्यानंतरच्या सगळ्या इयत्ता तिने या चुकीवर काढल्या होत्या आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरच्या वर्गात ढकलत राहायचं असल्यावर लक्षात यायचं कारणही नव्हतं.

"तिसरीत कुठं व्हता पोरी?" आप्पांनी विचारलं.

"वीटभट्टीवर," काजल म्हणाली. आम्ही ऐकलेला तिचा पहिला शब्द. "दिवाळीनंतर आई-बाबा भट्टीवर गेले. परत आलो तेव्हा शाळेला सुट्टी लागली होती."

आप्पा माझ्याकडे वळले. "बाई, हातचा शिकिवला तवा पोरगी हजर नव्हती. येवढंच झालंय."

त्या दिवसापासून ते दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून तिसरीची वजाबाकी करू लागले. आचाऱ्याकडून आणलेले वाटाणे दहा-दहाच्या वाटीत घालून. एक वाटी मोडली की दहा सुटे. काजलने पहिल्यांदा वाटी मोडली आणि बरोबर उत्तर आलं तेव्हा ती हसली नाही. ती फार वेळ वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच होतं?" तो आवाज ऐकून मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं कशात गेली ते तिला तेव्हा कळलं असावं.

वर्गाची गळती मे महिन्यात सुरू झाली. गॅरेजच्या मुलाला मालकाने दिवसभर बोलावलं, तो यायचा बंद झाला. बेकरीवाले दोघं पहाटेच्या पाळीला लागले. संस्थेतून एक तरुण आला, मखमली खुर्च्यांसमोर मुलांचे फोटो काढून घेऊन गेला. "हॅपी दिसा," तो म्हणाला. आप्पांनी त्याला विचारलं, "गणित येतं का तुमाला?" तो हसला आणि पटकन निघून गेला. शेवटी फेरपरीक्षेचे फॉर्म भरायला उरली मोजकी मुलं. आणि आप्पा. त्यांनीही भरला. साठी उलटलेल्या माणसाचा फॉर्म म्हणून तो तीन टेबलं फिरून आला, पण आला.

आप्पांच्या मुलाला, रणजितला, हे आवडलं नव्हतं. त्याचा जमिनीचा व्यवसाय, हॉटेल, लोकांत ऊठबस. तो मला कार्यालयाच्या दारात गाठून म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी सांगा पप्पांना. लोक हसतात. त्यांना काय कमी आहे?"

"गणित कमी आहे," मी म्हणाले. तो गाडीत बसून निघून गेला.

पेपरच्या दिवशी आम्ही केंद्राच्या फाटकाशी जमलो. आप्पा नव्या कपड्यांत, हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन पेनं, कंपासपेटी, प्रवेशपत्र. चेहऱ्यावर रंग नव्हता. ओळीत मागे-पुढे उभी असलेली मुलं त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती. कुणीतरी "आजोबा, नातवाला सोडायला आलात का?" विचारलं. आप्पांनी त्याला प्रवेशपत्र दाखवलं.

काजल आली नव्हती.

आप्पांनी फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती, आम्हाला जेमतेम ऐकू आलं. उन्हाळी योजना संपली तरी ती गोडाऊनमध्ये कामाला राहिली होती. घरात दुसरी मिळकत नव्हती. त्या दिवशी दोन मुली आल्या नव्हत्या, सणाच्या आदल्या दिवशीच्या ऑर्डरी साचल्या होत्या. सुपरवायझर म्हणाला होता, आज जो जाईल त्याने उद्या येऊ नये.

"मी नाही येत आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही द्या पेपर. नीट द्या."

आप्पांनी फोन खिशात ठेवला. फाटकाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग ड्रायव्हरला हाक मारली.

"आप्पा, वेळेत परत येणं होणार नाही," मी म्हणाले. "फाटक बंद झालं की आत घेत नाहीत."

"बगू की," म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या वेळात मी काय काय ठरवलं ते आठवत नाही. बाकीची मुलं आत गेली. शिपाई फाटक ओढायला लागला तेव्हा गाडी आली. मागच्या दारातून काजल उतरली. अंगात गोडाऊनचा हिरवा एप्रन, डोक्यावर केसांची जाळी तशीच. हातात आप्पांचा पाऊच. प्रवेशपत्र तिचं तिने दप्तरातून काढलं. मी गाडीत वाकून बघितलं, गाडी रिकामी.

"काजल, आप्पा कुठे आहेत?"

"माझ्या जागेवर बसलेत," ती म्हणाली, आणि धावत आत गेली. शिपायाने तिच्यामागे फाटक लावलं.

पुढचं मला ड्रायव्हरने सांगितलं. आप्पा थेट पॅकिंगच्या टेबलांपर्यंत गेले होते. सुपरवायझर, म्हणजे पंचविशीतला एक मुलगा, म्हणाला, "काका, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. पण माणूस कमी पडतोय. काउंट वरून बघतात." आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या. "माणूस हाय हितं," म्हणाले. "पोरीला जाऊ द्या." सुपरवायझरला हे कोण ते ठाऊक नव्हतं. त्याने जाळी दिली. आप्पांनी टोपी काढून ती डोक्याला लावली आणि कोथिंबिरीच्या ढिगापुढे बसले.

संध्याकाळी ते भेटले तेव्हा मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "पेपर कसा व्हता?"

"बरा होता. आप्पा, तुम्ही उन्हाळाभर—"

"उणं आलं व्हतं का?"

"पहिल्याच प्रश्नात."

"मंग सुटलो की," आप्पा म्हणाले. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

निकाल लागला. काजल पास झाली. काठावर, पण पास. आप्पांच्या नावापुढे गणिताच्या रकान्यात गैरहजर असा शेरा आला. रणजितने सुटकेचा निःश्वास टाकला असावा. काजलला परिचारिका-मदतनीसाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकवासल्याकडे. जाण्याआधी ती आप्पांना पेढे द्यायला आली. त्यांच्या पाया पडली. आप्पांना आशीर्वादही धड देता आला नाही. "हातचा इसरू नगा," एवढंच म्हणाले, आणि घाईघाईने आचाऱ्याला ओरडायला आत गेले. त्या दिवशी कार्यालयात कार्य नव्हतं. आत आचारी नव्हता.

नंतर दिवाळीच्या सुमारास संस्थेचं पत्र आलं. देणगीदारांना पुढच्या वर्षी शिक्षणाऐवजी झाडं लावायची होती. झाडं नापास होत नाहीत आणि फोटोत चांगली दिसतात. वर्ग बंद. हे आप्पांना फोनवर सांगणं मला बरं वाटेना म्हणून मी स्वारगेटहून बस धरून त्यांच्या गावी गेले.

घरी रणजित होता. नेहमीचा तोरा नव्हता.

"पप्पा घरी नसतात मॅडम," तो म्हणाला. "सकाळी जातात. त्या गोडाऊनमध्ये."

"कुठल्या?"

"त्याच. भाजीच्या. पैसे घेत नाहीत, काही नाही. मी भांडून बघितलं. आता भांडत नाही." मग तो म्हणाला, "जेवतात तरी नीट, तिथून आल्यावर."

गोडाऊन चालत जाण्याइतकं जवळ होतं. मोठी पत्र्याची शेड, आत गारठा, पांढऱ्या ट्यूब, मोबाइलवर ऑर्डरींचे आवाज. पॅकिंगच्या लांब टेबलाच्या टोकाला, पोरींच्या ओळीत, उलट्या क्रेटवर आप्पा बसले होते. डोक्यावर जाळी, नाकावर चष्मा. गळ्यातली साखळी कुठे दिसली नाही. समोर मेथीचा ढीग. ते पिवळी पानं काढून जुड्या बांधत होते. हात इतक्या सफाईने चालले होते की मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. पेन धरताना त्यांची बोटं नेहमी चोरट्यासारखी वागायची.

सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका रोज येतात मॅडम. सिस्टिममध्ये बसत नाही हे. वरून कुणी आलं तर माझी वाट लागेल. पण नाही म्हणवत नाही मला."

मी आप्पांच्या समोर एक क्रेट ओढून बसले. वर्गाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"कळलं व्हतं मला," ते म्हणाले. "पोरं आपल्या आपल्या वाटंनं गेली. बरं झालं."

"तुम्ही मार्चला पुन्हा बसा. मी घरी येऊन शिकवीन."

"न्हाय बाई. आता नगं." त्यांनी एक जुडी बांधून बाजूला ठेवली. "तुमाला ठावं न्हाय. ही शेड हाय ना, ही आमच्याच रानात हाय. हितं, तुमी बसलाय तिथं, मेथीचा वाफा व्हता. जमीन इकली तवा रणजित म्हनला, पप्पा, आता आराम करा. तवापासनं आराम करतोय." ते जरा हसले. "पोरीच्या जाग्यावर बसलो त्या दिशी, ढीग पुढ्यात आला आन हात आपलं आपलं चालाय लागलं. पेपराची आटवन बी न्हाय झाली मला. खरं सांगतो."

मी ढिगातलं एक पिवळं पान वेचून बाजूला ठेवलं.

"आमची ही आन मी पहाटं बसायचो जुड्या बांधाया. बाजाराची गाडी यायच्या आत. हिची जुडी ही येवढी व्हायची." त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं. "मी भांडायचो. म्हनायचो, आगं, अशानं वाफा संपंल, हाती काय ऱ्हाईल. ती म्हनायची, घेनाऱ्याच्या घरात बी मानसं असत्याल. मी तिच्या जुड्या सोडून बारीक करायचो. तिच्या म्होरंच. रोज." त्यांनी चष्मा वर केला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, चष्मा खाली घेतला. "गेली ती बी अशीच, काय न बोलता. सा वर्सं झाली."

मग ते पुन्हा कामाला लागले. मी बघत राहिले. त्यांच्या जुड्या मोठ्या होत होत्या. शेजारच्या पोरींच्या जुड्यांच्या दीडपट, दुप्पट. भरगच्च मेथी, सुतळी जेमतेम पुरेल अशी. एकेक बांधून ते ती हळूच टेबलावर सरकवत.

त्यांच्या पलीकडे एक बारकीशी मुलगी बसली होती. काजलच्या जागी नवीन आलेली असावी. तिच्यासमोर वजनाचा काटा होता. आप्पांची जुडी आली की ती काट्यावर ठेवायची, वर दिसणारा लाल आकडा बघायची, आणि आप्पा पुढच्या जुडीवर वाकलेले असताना, टेबलाच्या कडेखाली हात नेऊन त्यातल्या चार-सहा काड्या हलकेच काढून घ्यायची. मग जुडी पिशवीत भरायची. काढलेल्या काड्या ती पुन्हा आप्पांच्या ढिगात टाकत होती.

माझ्याकडे तिचं लक्ष गेलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.